लांकडी पॅडलबोर्ड आणि वऱ्हाडचा उन्हाळा

पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीस वाळलेला भोपळा बांधून त्यास विहिरींत सोडण्याची चाल आपल्या खेड्यापाड्यांतून फार जुनी आहे. भोपळा न मिळाल्यास तेलाच्या रिकाम्या डब्याचें तोंड डाख लावून बंद करावयाचें व तोच पाठीस बांधावयाचा. नदी उतरून जावयाची असे तेव्हां असेच भोपळे किंवा घागरी एकत्र बांधून त्यांची सांगड करीत. आणि 'सांगड घालणें' हा आज कोणाच्याही तोंडीं असणारा वाक्प्रचार ह्याच तरंगत्या साधनाशीं नातें सांगतो. मुलाला तारतें तें भोपळ्याचें कवच नव्हे. कवच केवळ पाण्याला बाहेर थोपवून धरतें; तारण्याचें काम आंतील रितेपणाकडून होतें.

समुद्रावर आणि तलावांवर आज जगभर दिसणारा पॅडलबोर्ड तत्त्वतः ह्या भोपळ्याहून निराळा नाहीं. मनुष्याच्या उंचीच्या सुमारें दुप्पट लांब, पाऊणमीटर रुंद आणि दोन्ही टोकांस निमुळती अशी ही फळी असते; तिच्यावर उभें राहून एका लांब दांड्याच्या वल्ह्यानें ती चालवावयाची. बाजारांत मिळणारे बहुतेक बोर्ड हवा भरून फुगविण्याचे किंवा फोमचे असतात. परंतु लांकडाचा पोकळ बोर्ड घरीं, सुताराच्या साध्या हत्यारांनीं करतां येतो, आणि अनेक देशांतील हौशी लोक तो करीतही असतात. किनाऱ्यावर असा बोर्ड करणाराला लाटेची व खाऱ्या पाण्याची काळजी वाहावी लागते. कारंजा लाडसारख्या गांवीं तो करावयाचा म्हटलें तर खरा प्रतिपक्षी पाणी नसून वैशाखांतलें ऊन आहे. पाण्यावर चालावयाच्या वस्तूनें उन्हाला भ्यावें हें प्रथम चमत्कारिक वाटेल. पण थोडा हिशेब केला म्हणजे त्यांतील मर्म ध्यानांत येतें.

समजा, बोर्डाची लांबी ३८० सेंटिमीटर, रुंदी ७६ आणि मध्यावरील जाडी १२ सेंटिमीटर धरली. टोकें निमुळतीं करून व कडा गोल करून त्याचें आकारमान सुमारें २३५ लिटर उरेल. हाच आकार भरीव सागवानाचा केला तर, सागवान लिटरमागें सुमारें ६५० ग्रॅम भरतें म्हणून, वजन दीडशें किलोंच्या वर जाईल. त्यावर सत्तर किलो वजनाचा मनुष्य उभा राहिला कीं एकूण भार २२० किलोंवर गेला. म्हणजे फळी जवळजवळ पूर्ण बुडून तिच्या माथ्यावरून पाणी खेळूं लागेल. शिवाय ती घरून पाण्यापर्यंत नेण्यास चार गडी लागतील तें वेगळेंच. तोच आकार पोकळ केला तर फळी वीस किलोंच्या आसपास बसते. मनुष्यासह नव्वद किलो भार झाला, तो तोलण्यास नव्वद लिटर पाणी बाजूस सारलें म्हणजे पुरें. पांचांपैकीं दोन भागही पाण्याखालीं जात नाहींत. आर्किमिडीजचा नियम शाळेंतील प्रत्येक मूल पाठ म्हणतें, पण त्याचा असा उघड प्रत्यय फार थोड्या वस्तूंतून येतो.

ही पोकळी मनुष्यास सुचली तीही एका जुन्या वस्तूकडे पाहतां पाहतां. हवाई बेटांतील सरदारमंडळी लाटांवर खेळावयास 'ओलो' नांवाच्या लांबलचक फळ्या वापरीत. त्यांना विलीविली नांवाच्या झाडाचें हलकें लांकूड विशेष मानवे. हें झाड आपल्याकडील पांगाऱ्याचा सख्खा भाऊबंद आहे. वनस्पतिशास्त्रांत दोघांचें कूळ एकच. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयांत अशा कांहीं जुन्या फळ्या जपून ठेवलेल्या आहेत. टॉम ब्लेक नांवाच्या अमेरिकन जलक्रीडापटूनें इ. स. १९२६ च्या सुमारास त्यांची डागडुजी केली आणि स्वतःसाठीं तशीच एक फळी घडविली. ती फार जड झाली, म्हणून त्यानें तिला वरून शेंकडों भोंकें पाडलीं व वरती पातळ लांकूड चिकटवून तीं झांकून टाकलीं. पुढें भोंकें पाडण्याचा खटाटोप सोडून त्यानें विमानाच्या पंखाप्रमाणें आंत सांगाडा व बाहेर पातळ कवच अशी रचना केली आणि १९३२ मध्यें तिचें पेटंट घेतलें. लोक थट्टेनें त्या फळीस 'सिगारची पेटी' म्हणत. पण त्या दशकांत तिचे नकाशे तेथील यंत्रविषयक मासिकांतून छापून आले आणि शाळांच्या सुतारवर्गांतून मुलें तशा फळ्या करूं लागलीं. हा ब्लेक जन्मानें विस्कॉन्सिन ह्या समुद्र नसलेल्या प्रांतांतला होता, ही गोष्ट वऱ्हाडांतील वाचकानें मनांत ठेवण्यासारखी आहे. उभें राहून वल्हविण्याचा प्रकार हवाईंतील वैकीकीच्या किनाऱ्यावर अधूनमधून दिसे. त्याचा जगभर प्रसार झाला तो मात्र २००० सालानंतर.

कारंजा समुद्रापासून सुमारें पांचशें किलोमीटर दूर. १९९८ पर्यंत तें अकोला जिल्ह्यांत होतें, तेव्हांपासून वाशीम जिल्ह्यांत आहे. नृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान, जैन भट्टारकांच्या गाद्या आणि कापसाची पेठ ही त्याची ओळख. तेथील काष्ठासंघाच्या जैन मंदिरांतील लांकडी कोरीवकाम नांवाजलेलें आहे. संघाच्या नांवांतील 'काष्ठ' आणि मंदिरांतील काष्ठ यांची जोड लावण्याचा मोह होतो, परंतु तो योगायोगच समजावा. संघाचें नांव त्या मंदिराहून पुष्कळ जुनें आहे. लांकूड घडविणारे हात ह्या गांवाला परके नाहींत एवढें मात्र त्यावरून म्हणतां येईल. पाण्याचीही अगदींच वाण नाहीं. पैनगंगेला मिळणारी अडाण नदी ह्या तालुक्यांतून वाहते व तिच्यावर मातीचें धरण बांधलेलें आहे. पावसाळा सरल्यावर असे जलाशय भरलेले, संथ व लाटांवांचून असतात. नवशिक्याला समुद्रापेक्षां तें पाणी सोयीचें.

येथें कोंकणांतील होडीचें उदाहरण घेऊन काम भागत नाहीं, आणि तें कां भागत नाहीं हें समजून घेणें अवश्य आहे. मालवण किंवा रत्नागिरीकडील सुतार फळीला फळी जोडतो, सांध्यांत कापूस ठासतो व वर राळ-तेलाचें लेपण देतो. कारंज्याच्या बाजारांत ज्याचे ढीग पडतात तोच हा कापूस. होडी पाण्यांत उतरली कीं फळ्या पाणी पिऊन फुगतात, कापूस दाबला जातो आणि सांधे आपोआप घट्ट होतात. थोडें पाणी आंत आलेंच तर तें उपसून टाकावयाचें. अर्थात् ती होडी हंगामभर पाण्यांतच राहते, व वरून उघडी असल्यामुळें तिचें अंतरंग नित्य डोळ्यांपुढें असतें. पोकळ बोर्ड तासभर पाण्यांत आणि आठवडाभर पडवींत असतो. त्याला वरूनही झांकण आहे. त्यांत शिरलेलें पाणी ना दिसतें, ना उपसतां येतें. आंतल्या आंत लांकूड कुजवीत बसतें. म्हणून होडीचें लांकूड ओलें राहून शहाणें होतें, तर बोर्डाचें लांकूड कधींच ओलें होतां कामा नये.

लांकूड हवेंतील ओलावा घेतें व सोडतें, हें घरांतील दारांवरून सर्वांस ठाऊक आहे. आषाढांत दार चौकटीला घासतें व चैत्र-वैशाखांत त्याच दारांत फट पडते. वऱ्हाडांत हा फरक किनाऱ्यापेक्षां कितीतरी अधिक. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या कोरड्या उन्हाळ्यांत लांकडांतील ओलावा चार-पांच टक्क्यांवर उतरतो. श्रावणांत तोच पंधरा-सोळा टक्क्यांवर चढतो. बोर्डाचा सारा माथा आडव्या जोडलेल्या सागवानी पट्ट्यांचा केला व त्यास उघडा ठेवला, तर शहात्तर सेंटिमीटर रुंदींत तो वर्षभरांत एक ते दीड सेंटिमीटरनें आकसेल व फुगेल. इतकी ओढाताण कोणताही सरस सहन करणार नाहीं. प्लायवुडमध्यें एका पापुद्र्याचे धागे दुसऱ्यास आडवे असतात, त्यामुळें तें जवळजवळ जागचें हलत नाहीं; घरगुती कामास चार मिलिमीटर जाडीचें मरीन प्लाय, म्हणजे भारतीय मानक ७१० प्रमाणें केलेलें, हेंच अधिक भरवशाचें. ज्यास खरें लांकूडच पाहिजे त्यानें कडेच्या पट्ट्यांस शिवण वापरावी. शिवण हलकी असते आणि ऋतुमानाप्रमाणें फारशी वेडीवांकडी होत नाहीं. परतवाड्याचा सागवान नामांकित खरा, पण तो पलंगाकपाटांसाठीं राखावा. बोर्डांत त्याचा उपयोग वजन वाढविण्याकडेच व्हावयाचा.

बांधणी माशाच्या सांगाड्यासारखी असते. सहा मिलिमीटर प्लायचा एक लांब कणा उभा धरावयाचा; त्याच्या खालच्या धारेलाच पुढील नाळेचा उठाव कापून ठेवलेला असतो. त्यास दर तीस सेंटिमीटरवर एक याप्रमाणें सुमारें बारा फासळ्या बसवावयाच्या. कण्यांत अर्धी व फासळींत अर्धी खांच घेतली म्हणजे त्या एकमेकींत बसतात. प्रत्येक फासळीला मोठालीं गोल भोंकें पाडावयाचीं. वजन कमी व्हावें हा एक हेतु, आणि आंतील हवा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी फिरावी हा दुसरा. ह्या दुसऱ्याचें महत्त्व पुढें दिसेल. मनुष्य जेथें उभा राहतो तेथें फासळ्यांच्या मध्यें जादा उभ्या पट्ट्या घालाव्या, कारण टांचेखालीं सारें वजन तळहाताएवढ्या जागेवर येतें. सांगाड्याला पीळ पडलेला नाहीं हें पाहण्यास पहिल्या व शेवटच्या फासळीवर दोन सरळ काठ्या आडव्या ठेवून एका डोळ्यानें नेम धरावा. दोन्ही काठ्या समांतर दिसल्या पाहिजेत. एवढी परीक्षा न करणाराचा बोर्ड पुढें आयुष्यभर एका अंगास ओढतो.

मग तळाचें प्लाय वांकवून डकवावयाचें, कडेला पट्ट्यांवर पट्ट्या शिकंज्यांनीं आवळून चढवावयाच्या, आणि माथा बसविण्यापूर्वीं थांबावयाचें. आंतील प्रत्येक कोनाकोपऱ्याला इपॉक्सी राळेचे दोन हात देण्याची ही शेवटची संधि असते. दिशा राखणारें तळाचें पातें, मधली मूठ, घोट्याच्या दोरीची कडी व हवेचा मळसूत्री बूच हे जेथें बसावयाचे तेथें भरीव लांकडाचे ठोकळे आतांच चिकटवून ठेवावे लागतात. माथा चढला कीं आंतील जग कायमचें बंद. मागाहून रंध्यानें कडा गोल करणें, काचकागदानें घोटणें, पातळ काचतंतूचें कापड राळेंत भिजवून सर्वांगास लपेटणें हीं कामें चिकाटीचीं असलीं तरी अवघड नाहींत.

अवघड आहे तें राळेला उन्हांत आवरणें. इपॉक्सी दोन द्रव मिसळून घट्ट होते आणि दर दहा अंश उष्णतेमागें तिचा वेग साधारण दुपटीनें वाढतो. पंचवीस अंशांवर जी राळ भांड्यांत अर्धा तास टिकते ती पंचेचाळीस अंशांवर सात-आठ मिनिटांत धुमसूं लागते. दुसरें असें कीं, सकाळीं राळ लावली व दिवस चढत गेला तर लांकडाच्या छिद्रांतील हवा प्रसरण पावून ओल्या राळेंत असंख्य बुडबुडे उठतात. प्रत्येक बुडबुडा म्हणजे पुढें पाणी शिरण्याची वाट. यास्तव कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस ह्या कामाला योग्य, आणि त्यांतही राळ लावावी ती दिवस कलल्यावर, लांकूड निवत असतांना. मग छिद्रें श्वास बाहेर टाकण्याऐवजीं राळ आंत ओढून घेतात.

आतां त्या पोकळीकडे यावें. बोर्डांत दोनशें लिटर हवा कोंडलेली आहे. हिंवाळ्याच्या सकाळीं पंचवीस अंशांवर तो बंद केला आणि मे महिन्यांत अंगणांत उन्हांत ठेवला, तर गडद रंगाचा माथा व आंतील हवा साठ अंशांपर्यंत सहज तापते. हवेला पसरण्यास जागा नसल्यानें तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सव्वाशें ग्रॅमच्या जवळपास वाढतो. सव्वाशें ग्रॅम ऐकावयास क्षुल्लक. परंतु माथ्याचें क्षेत्रफळ तेवीस हजार चौरस सेंटिमीटर आहे. गुणाकार केला तर आंतून माथ्यावर येणारा भार अडीच हजार किलोंहून अधिक, म्हणजे पंचवीस क्विंटल कापसाएवढा होतो. चार मिलिमीटरचें प्लाय तो कसा सोसणार? तें फुगतें, आणि कोठेंतरी कडेचा सांधा केसाएवढा उकलतो. हवा सूं करून निघून जाते, बोर्ड पुन्हा जागचा जागीं दिसतो, मालकाला पत्ताही लागत नाहीं.

खरा घात त्यानंतर. तोच तापलेला बोर्ड तलावांत सोडला कीं आंतील हवा पाण्याच्या गारव्यानें आकसते. साठ अंशांवरून अठ्ठावीसवर येतांना ती जवळजवळ दशांशानें कमी होते. ती उणीव भरून काढण्यास बोर्ड वीस लिटरपर्यंत कांहींतरी आंत ओढूं पाहतो. सकाळची चीर पाण्याखालीं असेल तर तो पाणीच ओढतो. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर बोर्ड मंद होतो, आंत पाणी इकडून तिकडे धांवूं लागतें व तोल क्षणांत जातो. प्रारंभींच्या पोकळ फळ्यांची गळण्याविषयीं फार अपकीर्ति होती, त्यांत कच्च्या सरसाइतकाच ह्या कोंडलेल्या हवेचाही वाटा असला पाहिजे.

यावर उपाय अगदीं साधा आहे. माथ्यावर, पाण्यापासून वर राहील अशा जागीं, बोटाएवढें छिद्र ठेवून त्यांत पितळी मळसूत्री बूच बसवावयाचा. पाण्याबाहेर असतां बूच नेहमीं उघडा. पाण्यांत उतरण्यापूर्वीं, बोर्ड सावलींत निवल्यावर बंद. मुंबईकडून घाट चढून मोटारीच्या टपावर बोर्ड आणतांनाही तो उघडा पाहिजे, कारण उंचीबरोबर बाहेरील हवेचा दाब घटतो. विसरभोळ्यांसाठीं अलीकडे हवा जाऊं देणाऱ्या पण पाणी अडविणाऱ्या पापुद्र्याचे बूच निघाले आहेत. परगांवाहून मागवावे लागले तरी ते मागवावे. फासळ्यांतील भोंकें ह्याचसाठीं: सारी हवा एका वाटेला लागली पाहिजे. तरीपण मध्यावर एक आडवी बंद भिंत घालून दोन कप्पे करणें व प्रत्येकाला निराळा बूच देणें हें अधिक सुरक्षित, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं. धरणाच्या पाण्याखालीं जुनीं खोडें व दगड असतात. एका कप्प्यास भोंक पडलें तरी दुसरा मनुष्याला धरून ठेवील. दोन्ही भरले तर लांकूड स्वतः तरंगेल, हातांनीं धरणाराला दहा-बारा किलोंचा आधारही देईल; पण त्यावर उभें राहणें संपलें.

रंगाविषयीं हौशी लोकांचें मन वळविणें कठीण जातें. इतकें कष्टाचें लांकूड, त्याच्या रेषा दिसाव्या म्हणून सर्व जण पारदर्शक व्हार्निश देतात. कारंज्याच्या उन्हांत निदान माथा तरी पांढरा रंगवावा. उघडी इपॉक्सी सूर्यप्रकाशानें पिवळी पडून ठिसूळ होते, आणि साध्या हवेंत घट्ट झालेली राळ पन्नास-साठ अंशांवर मऊ पडूं लागते. म्हणजे ज्या वेळीं आंतील दाब अधिकांत अधिक, नेमक्या त्याच वेळीं सांधा दुबळा. रेषांची हौस तळाच्या बाजूस भागवावी.

वल्ह्याची लांबी चालविणाराच्या उंचीहून वीतभर अधिक असावी. प्रथम गुडघ्यांवर बसून किनाऱ्याशेजारीं फिरावें, मग उभें राहावें. पाय खांद्यांएवढे फांकून, नजर पायांकडे न ठेवतां समोर. पोहतां येत असलें तरी तरंगजाकीट अंगांत हवेंच, कारण पडणारा मनुष्य बोर्डावर किंवा खोडावर डोकें आपटून पडूं शकतो. संथ तलावांत घोट्याला बांधलेली दोरी उपयोगी असते, नाहींतर वाऱ्यानें हलका बोर्ड पोहणाराच्या पुढें पळतो. वाहत्या नदींत तीच दोरी झुडपांत अडकून मनुष्यास बुडविते. उन्हाळ्यांतील दुपारचा वारा उभ्या माणसाला शिडासारखा ढकलीत नेतो, म्हणून जातांना वाऱ्याच्या तोंडावर जावें व येतांना त्याची मदत घ्यावी. धरणाच्या जलाशयांत उतरण्यापूर्वीं जलसंपदा विभागाची परवानगी विचारून घेणें हेंही तयारींतच मोडतें.

घरीं आल्यावर बूच उघडून बोर्ड सावलींत, भिंतीला कडेवर टेकून ठेवावा. आंत पाणी गेलें कीं काय हें ओळखण्याची उत्तम युक्ति तराजूची आहे. नवा बोर्ड कोरडा असतां कांट्यावर तोलून आंकडा त्याच्याच तळावर लिहून ठेवावा आणि दर महिन्यास पुन्हा तोलावा. अर्धा किलो वाढ दिसली तर चीर शोधावयास लागावें: बुचाच्या छिद्राला सायकलचा पंप हळूच लावून, कडांना साबणाचें पाणी फांसून. जेथें फेंस फुगतो तेथें खुणेची रेघ ओढावी, बोर्ड आठ दिवस उघड्या बुचानें वाळूं द्यावा, आणि एखाद्या थंड संध्याकाळीं ती चीर राळेनें भरून काढावी.